शुक्राणूला शेपटी कशासाठी?

गोलसर डोके आणि वळवळणारी शेपटी हे शुक्राणूचे रूप, डच सूक्ष्मदर्शक-संशोधक लेव्हेनहूक यांनी १६७७ मध्ये ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यापासून, इतके रुळले आहे की सर्वच सजीवांच्या नरपेशी तशाच असतील असे आपण गृहीत धरतो. माझ्या मते नरपेशीची घडण समजून घ्यायची तर अंडपेशीपर्यंतची तिची वाट आधी पाहावी.

माणसाचा शुक्राणू साधारण ५५ ते ६० मायक्रोमीटर लांब असतो आणि त्यातले डोके जेमतेम पाच मायक्रोमीटरचे. घडत असताना तो बहुतेक पेशीद्रव टाकून देतो. डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांची जागा प्रोटामाइन नावाची प्रथिने घेतात आणि डीएनए इतका घट्ट आवळला जातो की त्यातील जनुकांचे काम जवळजवळ थांबते. डोक्यावर विकरांनी (एन्झाइमांनी) भरलेले टोपीसारखे अ‍ॅक्रोसोम, मानेखाली ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांचे वेटोळे आणि मग शेपटी, एवढा सरंजाम असूनही तो लगेच फलन करू शकत नाही. मादीच्या जननमार्गात काही तास काढल्यावरच त्याला ती क्षमता येते, हे चँग आणि ऑस्टिन या शास्त्रज्ञांनी १९५१ मध्ये स्वतंत्रपणे दाखवले. म्हणूनच सर्वांत वेगवान शुक्राणू जिंकतो, ही शर्यतीची लोकप्रिय कल्पना मला पटत नाही.

ड्रॉसोफिला बायफर्का या इवल्याशा माशीचा शुक्राणू तर सुमारे ५८ मिलिमीटर, म्हणजे नराच्या शरीराच्या जवळपास वीसपट लांब असतो आणि गुंडाळी होऊनच मादीत जातो. तिथे त्याला साठवणारी नळी त्याहूनही लांब असते. याउलट सूत्रकृमींच्या (दोऱ्यासारख्या गोल कृमींच्या) शुक्राणूंना शेपटीच नसते; ते अमीबासारखे सरपटत जातात.

वाट बदलली की नरपेशीची घडणही बदलते, ही गोष्ट वनस्पतींमध्ये अधिकच स्पष्ट दिसते. मॉस आणि नेचे यांच्या नरपेशी पाण्याच्या पातळ थरातून पोहत जातात, त्यामुळे ओलाव्यावाचून त्यांचे फलन अडते. गिंको वृक्ष बीजे धारण करतो, त्याचे पराग वाऱ्याने येतात, तरीही त्याच्या नरपेशी बीजांडातील थेंबभर द्रवात पोहतात, हे जपानचे साकुगोरो हिरासे यांनी १८९६ मध्ये दाखवले तेव्हा वनस्पतिशास्त्रज्ञ चकित झाले. सपुष्प वनस्पतींत मात्र पोहण्याची गरजच उरली नाही, कारण परागकणातून वाढणारी परागनलिका दोन नरपेशींना थेट बीजांडात नेऊन सोडते; त्यांपैकी एक अंडपेशीशी मीलन पावते आणि दुसरीपासून गर्भाला पोसणारा भ्रूणपोष तयार होतो.