काका, बत्ती कुटं हाय?

माधवनगरहून सांगलीला मी रोज सायकलनं जातो. परतताना शेवटचा अर्धा किलोमीटर परवापर्यंत राँग साइडनं यायचो. वळसा घालायचा कंटाळा, दुसरं काय! वर तत्त्वज्ञान तयार: समोरून येणारं दिसतं, मागून येणारं दिसत नाही.

हंगाम सुरू झाला की या रस्त्याला उसाच्या डबल ट्रॉल्या लागतात. परवा सातच्या सुमाराला असाच एक ट्रॅक्टर समोरून आला. टेप मोठ्यानं लावलेला, दिव्यांचा झोत थेट डोळ्यांत. त्यानं करकचून ब्रेक मारला, मी सायकलसकट चरीत. विशी-बाविशीचं पोरगं खाली उतरलं.

"काका, बत्ती कुटं हाय?"

चूक माझीच होती, म्हणून आवाज चढवला. "तुझ्या ट्रॉलीला मागं रिफ्लेक्टर आहेत का?"

दोघंही मोबाइलचा उजेड पाडत मागं गेलो. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणं मागं दोन लाल रिफ्लेक्टर पाहिजेत. एक होता, चिखलानं माखलेला. दुसऱ्याच्या जागी स्क्रूची दोन भोकं. त्यानं खांद्यावरच्या टॉवेलानं आहे तो पुसला. "मालकाला सांगितलंय," म्हणाला.

घरी गुडघ्याला हळद लावताना हिशेब केला. माझा वेग पंधरा, त्याचा पंचवीस. त्याच्याच दिशेनं जात असतो तर फरक दहाचा, समोरासमोर चाळीसचा. शिवाय गल्लीतून डावीकडं वळणारा रिक्षावाला उजवीकडंच बघतो. मी त्याच्या डावीकडून उगवणार, हे त्याच्या स्वप्नातही नसतं.

वडिलांच्या काळात बिनबत्तीची सायकल दिसली की पोलीस चाकातली हवा सोडायचे. आता कोण विचारतंय? 1988 च्या कायद्यात सायकल मोटार वाहनात बसत नाही; लायसन नाही, नंबरप्लेट नाही, चौकातला कॅमेरा पकडणार कुणाला? म्हणून आम्ही खुशाल सिग्नल तोडतो, आणि कारवाल्यानं हॉर्न दिला की आम्हाला पर्यावरण आठवतं.

काल दिवा बसवला. रेडियमवाल्याकडून मीटरभर लाल पट्टी आणली. मडगार्डला वीतभर लागली. उरलेली त्या पोराला द्यायची म्हणून पिशवीत घेऊन हिंडलो, पण तो काही दिसला नाही. शेवटी रांगेतल्या एका ट्रॉलीला न विचारताच चिकटवून आलो. चालक चहाला गेला होता.