तुम्ही विचारलंत म्हणून: फोटोवरून मी प्रजाती का सांगत नाही

"सर, फोटो इतका स्वच्छ आहे, तरी तुम्ही 'कुल बिटॅसिडी' एवढंच लिहून का थांबता? प्रजाती सांगायला काय जातं?" पाऊस लागला की दापोलीपासून सावंतवाडीपर्यंतची माणसं मला हँगिंगफ्लाय या लटकणाऱ्या माशीचे फोटो पाठवतात आणि हे विचारतात. कुणी प्रेमाने, कुणी रागाने. मागच्या पावसाळ्यात एका बाईंनी लिहिलं, "येत नसेल तर तसं सांगा." ते लागलं. म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो.

कुल म्हणजे मोठं घराणं, हँगिंगफ्लायचं ते बिटॅसिडी; प्रजाती (genus) म्हणजे त्यातली शाखा, आणि जाती (species) तिच्याही खालची. कुल ओळखायला मला क्षणभर पुरतो. आपल्याकडे बघणारा हँगिंगफ्लायला लांब पायांचा डास म्हणतो, पण पंख मोजा: चार. डासाला आणि त्याच्यासारख्या दिसणाऱ्या क्रेनफ्लायला दोनच असतात, मागच्या दोनांच्या जागी नुसत्या गाठी. ही हँगिंगफ्लाय पुढच्या पायांनी काडीला लटकते आणि मागचे पाय मोकळे सोडते, शिकारीसाठी. पावलाचं शेवटचं पेर त्याच्या आधीच्या पेरावर अडकित्त्यासारखं मिटतं आणि टोकाला नखी एकच. तिच्या गणातल्या विंचूमाशीला दोन असतात. तुमच्या फोटोत हे दिसतं, म्हणून कुल मी छातीठोक सांगतो.

प्रजातीचं तसं नाही. तिथे पंखातल्या शिरा वाचाव्या लागतात: मुख्य शिरेला फाटा कुठे फुटतो, पुढच्या कडेवरच्या गडद ठिपक्याजवळ आडवी शीर एक की दोन. या कुलातली बिटॅकस ही प्रजाती लटकताना पंख पोटाला लावून मिटून घेते. चारही पंख एकावर एक. जी शीर दिसते ती वरच्या पंखाची की खालच्या, हे मी फोटोवरून कसं ठरवू? शिवाय नराच्या पोटाच्या टोकाला मादीला धरायचे अवयव असतात, त्यांचा आकार फार महत्त्वाचा. तो भिंगाखाली, फिरवून फिरवून बघावा लागतो.

"अमेरिकेतले सांगतात की फोटोवरून!" सांगतात. तिथे हायलोबिटॅकस ही दुसरी प्रजाती पंख पसरून लटकते आणि तिच्या पंखांची टोकं काळी असतात. कॅलिफोर्नियातल्या ॲप्टेरोबिटॅकसला तर पंखच नाहीत. अशा खुणा असत्या तर मीही सांगितलं असतं. आणि याच हायलोबिटॅकसवर रँडी थॉर्नहिल यांनी 1976 साली गाजलेला अभ्यास छापला, नर मादीला भक्ष्य भेट देतो त्याचा, तेव्हा तिचं नाव बिटॅकस होतं. 1979 मध्ये बायर्स यांनी तिची प्रजाती वेगळी केली. इतकी बघितलेली माशी, तरी तिचंही नाव बदललं.

पण खरं कारण हे नाही. खरं कारण सांगायला मला इतकी वर्षं लागली.

मी तेव्हा कॉलेजात शिकवत होतो. आषाढात एक विद्यार्थी संध्याकाळी घरी आला, अंगावर इरलं, हातात बिस्किटांचा प्लास्टिकचा डबा. गावच्या देवराईत त्याला नर सापडला होता. डब्यात ओल्या पानाच्या देठाला तो लटकलेला, जिवंत. मुलगा दोन तास चालून आणि एसटी बदलून आला होता. त्याने विचारलं, "सर, कुठली?" मी म्हटलं, "बिटॅकस." तो म्हणाला, "कशावरून?" मी म्हटलं, "आपल्याकडे दुसरं काय असणार?" त्याने माझ्यासमोर शाईने चिठ्ठीवर ते नाव लिहिलं.

तो गेल्यावर मी माशी मारली आणि पिनेवर लावली, फुलपाखरासारखी, पंख पसरून. स्पिरिटमध्ये ठेवायला हवी होती, मला ते माहीत होतं. पण पंख सुंदर होते, ते दिसावेत असं मला वाटलं. रात्रभर पाऊस. आपल्याकडे त्या हवेत काहीच वाळत नाही हेही मला माहीत होतं. ज्या टेबलाच्या पायांखाली आई पाण्याच्या वाट्या ठेवायची, त्यावर मी ती पिनेची फळी ठेवली नाही, खिडकीत ठेवली. सकाळी मुंग्यांची रांग होती. पंख शाबूत, पाय शाबूत, पोट मुळापासून गेलेलं. जे बघायचं तेच नाही.

मी त्याला सांगितलं नाही. "ठेवलीय नीट," म्हणालो. त्याने प्रकल्पात लिहिलं: बिटॅकस, नर. दोन वर्षांनी तो दुसरा नमुना घेऊन आला, यावेळी स्पिरिटच्या बाटलीत, आणि म्हणाला पहिल्याशी जुळवून बघू. मला पेटी उघडावी लागली. तो भिंग लावून बराच वेळ बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "सर, याला टोकच नाही." ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने पेटीचं झाकण स्वतः लावलं आणि बाटली घेऊन गेला.

तोवर मी 2009 सालचे दोन शोधनिबंध वाचले होते. टॅन आणि हुआ या चिनी अभ्यासकांनी बायकॉबिटॅकस आणि टेरोबिटॅकस अशा दोन प्रजाती वेगळ्या काढल्या, आणि आधी बिटॅकस म्हटल्या गेलेल्या जाती तिकडे गेल्या. म्हणजे आशियात "दुसरं काय असणार?" हा युक्तिवाद मी केला त्या दिवशीही उरला नव्हता. त्याची माशी बिटॅकस असेलही. बहुतेक असेलच, जगातल्या या कुलातल्या सर्वाधिक जाती त्याच प्रजातीत आहेत. पण "बहुतेक" हा शब्द मी त्याला दिला नाही आणि आता तो तपासायला जागा नाही.

तेव्हाचा मी आताच्या मला म्हणतो: नाव मिळालं की माणूस परत देवराईत जातो. तो मुलगा गेलाच ना? तू 'सांगता येत नाही' म्हणतोस आणि लोक फोटो पाठवणं सोडतात. यावर माझ्याकडे उत्तर नाही. सोडतात, हे खरं आहे. मी म्हणतो, चुकीचं नाव नोंदीत गेलं तर पुढचा त्यावरच बांधत जातो. तो म्हणतो, नोंदच नसेल तर बांधणार कशावर? कित्येकदा रात्री मला त्याचंच पटतं.

तरी मी कुलावरच थांबतो. बरोबर तीन गोष्टी मागतो: बाजूने फोटो, पंख उघडे असताना फोटो, आणि पोटाच्या टोकाचा जवळून. नमुना असेल तर सत्तर-ऐंशी टक्के अल्कोहोलमध्ये, पिनेवर नको.

गेल्या आठवड्यात राजापूरच्या एका शिक्षकांनी पोफळीच्या बागेतला फोटो पाठवला. चारही पंख, एकच नखी, सगळं लख्ख. पोटाचं टोक झावळीच्या आड. मी लिहिलं, "कुल बिटॅसिडी. टोकाचा फोटो मिळाला तर पुढे बघू." त्यांनी ते वाचलं आहे. अजून काही आलेलं नाही.