बुश सरळ बसवणारा पोरगा

आमच्या गंगापूर तालुक्यात लग्नाची बोलणी निघाली की मुलीकडच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘मुलगा परमनंट आहे का?’ जमीन किती, विहिरीला पाणी कधीपर्यंत पुरतं, हे सगळं त्यानंतर. मी छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या एका मोठ्या कंपनीत परमनंट आहे, मशीन शॉपला टीम लीडर. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जे सांगणार आहे ते एकट्या आमच्याकडचं नाही. वाळूज असो, चिकलठाणा असो की शेंद्रा, मोठ्या गेटच्या आत थोड्याफार फरकानं हेच चालतं.

कंपनीनं मला पुष्कळ दिलंय, ते आधी सांगतो. पाऊस गेला त्या वर्षी कपाशी जळाली, मोसंबीची झाडं तोडून सरपणाला घातली, तेव्हा घर चाललं ते पगारावर. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन मेडिक्लेममध्ये झालं. घरासाठी कर्ज काढायला गेलो तर बँकेतल्या साहेबांनी सॅलरी स्लिप पाहिली आणि जामीनदाराचं नावही काढलं नाही. फर्स्ट शिफ्ट असली की पहाटे अंधारात बस फाट्यावर येऊन थांबते. कॅन्टीनचं जेवण चांगलं का वाईट यावर आमच्यात रोज वाद होतात, पण ते वेळेवर आणि गरम मिळतं. हजारावर माणसं असलेल्या कारखान्याला पगार द्यायला नोव्हेंबर २०२५ पर्यंत कायद्यानं दहा तारखेपर्यंत मुभा होती, त्याहून लहान कारखान्याला सातपर्यंत. आमचा पगार महिना संपता संपता खात्यात पडलेला असतो.

याची किंमत मला कळते, कारण त्याआधी मी एका छोट्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग काढणाऱ्या कारखान्यात होतो. पत्र्याचं शेड, दहा-बारा माणसं. शेठ आमच्या पंगतीला बसून डबा खायचा. माझ्या भावाच्या लग्नाला आला, पुढच्या पगारातून कापायच्या बोलीवर उचलही दिली. सुट्टी पाहिजे तर ‘शेठ, उद्या येत नाही’ एवढं सांगितलं की झालं. पगार मात्र पंधरा-वीस तारखेला, तोही निम्मा. आणि पॉवर प्रेसला गार्ड नव्हता. पायानं पेडल मारायचं, हातानं पत्रा सरकवायचा. एके दिवशी शेजारच्या प्रेसवर काम करणाऱ्याची दोन बोटं गेली. त्याचं ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं कार्डच काढलेलं नव्हतं. शेठ त्या दिवशी ढसाढसा रडला, दवाखान्याचं सगळं बिल भरलं, त्याच्या बायकोच्या हातात पैसे ठेवले. आणि आठवड्याभरात त्याच प्रेसवर दुसरा माणूस बसवला. गार्ड तेव्हाही नव्हता. शेठ माणूस म्हणून वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. म्हणूनच मला नुसत्या चांगल्या माणसाच्या भरवशावर मशीनपुढं उभं राहायची भीती वाटते.

आता गेवराईच्या पोराची गोष्ट.

लाइनवर पोरांना नावापेक्षा गावानं हाक मारायची पद्धत आहे, त्यामुळं हा ‘गेवराई’. आयटीआय मशिनिस्ट. आईबाप ऊसतोडीला, दसरा झाला की कोयता घेऊन बाहेर पडायचे ते उन्हाळा लागल्यावर परतायचे. पोरगा वाळूजजवळच्या रांजणगावात खोली करून राहायचा, एका खोलीत पाचजण. कॉन्ट्रॅक्टरमार्फत आमच्याकडं लागला होता. मी त्याला बुश प्रेसिंगवर लावलं.

तिथलं काम असं. हाउसिंग म्हणजे बाहेरचा मोठा भाग, त्याच्या भोकात ब्राँझचा बुश, म्हणजे नळीसारखा पोकळ तुकडा दाबून बसवायचा. बुश भोकापेक्षा नखभर मोठा असतो, त्याशिवाय तो घट्ट बसत नाही. प्रेस हायड्रॉलिक, तिला दोन बटणं, एक डावीकडं, एक उजवीकडं. दोन्ही एकदम दाबली तरच रॅम, म्हणजे प्रेसचा दाबणारा दांडा, खाली येतो. दोन्ही हात बटणांवर अडकले की बोट रॅमखाली जाऊच शकत नाही, एवढा साधा विचार त्यामागं आहे. पण आमची पोरं काय करायची, डाव्या बटणात पॅकिंगच्या पट्टीचा तुकडा खोचून ते दाबलेलं ठेवायची आणि एकाच हातानं प्रेस चालवायची. मी राउंडला आलो की तुकडा गायब, पुढं गेलो की परत खोचलेला. मेमो दिले, मीटिंगा घेतल्या, सेफ्टीवाल्यांनी पिवळे बोर्ड लावले. फरक पडला नाही.

हा पोरगा काही दिवस गप्प बघत होता. मग जेवणाच्या सुट्टीत माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “दादा, तुकडा कोण खोचायलंय ते नका बघू. हात आत कशाला जायलाय ते बघा.” मला घेऊन प्रेसपुढं उभा राहिला, हाउसिंगवर बुश ठेवला आणि हात काढून घेतला. बुश एका बाजूला कलंडला. कलंडलेला बुश दाबला की भोकाला ओरखडा पडतो आणि अख्खं हाउसिंग रिजेक्ट होतं. रिजेक्शन झालं की बोलणी खायची. म्हणून रॅम टेकेपर्यंत पोरं डाव्या हाताच्या दोन बोटांनी बुश सरळ धरून ठेवायची, आणि डावा हात तिकडं गुंतला म्हणून डावं बटण खोचायची. इतके दिवस आम्ही सगळे बटणाकडं बघत होतो.

त्यावरचा उपायही त्याच्याच डोक्यातून निघाला. फिक्सचरमध्ये, म्हणजे हाउसिंग धरून ठेवणाऱ्या साच्यात, खालून वर येणारी, स्प्रिंगवर बसलेली एक पिन. बुश त्या पिनेत अडकवायचा, तो आपोआप सरळ उभा राहतो. रॅम आला की बुश भोकात जातो आणि पिन त्याच्यापुढं खाली सरकते. पहिला नमुना टूल रूमच्या साहेबांना विनवून नायलॉनच्या टाकाऊ तुकड्यातून लेथवर काढला. मी कायझेनचा, म्हणजे कामातली सुधारणा सुचवायचा फॉर्म भरला, ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो लावले, पाठवून दिला.

मोठी कंपनी मला का आवडते याचं उत्तर पुढच्या महिन्यात मिळालं. सेफ्टीवाले आले, स्टॉपवॉच लावून बसले. टूल रूमनं पक्क्या लोखंडाच्या पिना करून लाइनवरच्या सगळ्या प्रेसना बसवल्या. त्याच्याबरोबर सर्किट बदललं, आता एखादं बटण दाबलेलं राहिलं तर प्रेस जागची हलत नाही. वर लाइट कर्टन आला, म्हणजे हात आत गेला की किरण तुटतो आणि रॅम तिथंच थांबतो. खर्च किती येईल असं मला कुणी विचारलं नाही. दुसऱ्या राज्यातल्या प्लांटमधूनही ड्रॉइंगची मागणी आली. शेडमध्ये रडणाऱ्या शेठला जे जमलं नाही ते इथं कागदावरून कागद सरकत आपोआप झालं. मला फार बरं वाटलं होतं.

फेब्रुवारी अखेरीस पोराचे सात महिने भरले.

वाळूजमध्ये ‘ब्रेक’ म्हणजे काय ते कुणाला समजवावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. बारा महिन्यांत २४० दिवस अखंड भरलेल्या टेम्पररी कामगाराला परमनंट करावं, अशी तरतूद आपल्या राज्याच्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या नमुना नियमांत, आणली गेली. सात महिने म्हणजे २१० दिवस. त्यामुळं सात महिने झाले की पोराला घरी पाठवायचं, मध्ये काही दिवस जाऊ द्यायचे, मग लागलं तर पुन्हा नव्यानं घ्यायचं. पोरगं कामाला कसं आहे याचा त्याच्याशी काही संबंध नाही. कामगाराला कायम करण्यासाठी आणलेली तरतूद त्याला कायम होऊ न देण्याचं कॅलेंडर होऊन बसली, याचा मला मनापासून राग आहे.

४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन. १९६६ साली याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद (नॅशनल सेफ्टी कौन्सिल) स्थापन झाली, म्हणून त्या दिवशी सगळ्या कारखान्यांत झेंडा, शपथ, बक्षिसं असा कार्यक्रम असतो. यादी लागली तेव्हा सेफ्टी कायझेनमध्ये पहिला नंबर आमच्या पिनेचा होता. मी पोराला फोन लावला. तो खोलीवरच होता, गावाकडं घराला कुलूप होतं आणि आईबाप अजून फडात होते. म्हटलं, “सकाळी ये, साहेबांच्या हातून बक्षीस घ्यायचंय.”

इस्त्रीचा शर्ट घालून आला. गेटवर कार्ड लावलं, लाल दिवा. सिक्युरिटीचा माणूस त्याला चांगला ओळखत होता, पण म्हणाला, “भाऊ, मशीन घेत नाही तर मी कसा सोडू?” मी टाइम ऑफिसला गेलो. तिथं सांगितलं, कोड २८ तारखेला बंद झालाय, कॉन्ट्रॅक्टरचा मेल आला तर बघू. कॉन्ट्रॅक्टरच्या सुपरवायझरला फोन केला. तो खाजगीत बोलावं तसा हळू आवाजात म्हणाला, “दादा, ब्रेकमधला माणूस आत गेला आणि उद्या त्यानं म्हटलं की मी कामावर होतो, तर? मला पुढचं काम मिळेल का?” एचआरच्या ताई नवीन होत्या, लातूरकडच्या. त्यांना सगळं पटलं. त्यांनी दोन ठिकाणी फोनही लावले, पण सिस्टीम हेड ऑफिसची आणि हेड ऑफिस दुसऱ्या शहरात. आतून शपथेचा आवाज येत होता.

त्या सकाळी मला एकही माणूस वाईट भेटला नाही. प्रत्येकाला पोराला आत घ्यायचं होतं. पण हो म्हणायचा अधिकार यातल्या एकाच्याही टेबलावर नव्हता, आणि नाही म्हणणारा कोण ते शोधूनही सापडत नव्हतं. छोट्या शेडमध्ये निदान भांडायला शेठ समोर असतो.

शेवटी टूल रूमचे साहेब आले. टीम लीडरला व्हिजिटर बोलावता येत नाही, त्याला ऑफिसरच लागतो. त्यांनी स्वतःच्या नावावर व्हिजिटर पास काढला. मग पोराला रिसेप्शनला बसवून पाहुण्यांसाठीची सेफ्टी फिल्म दाखवली, कारण ती पाहिल्याशिवाय पास छापला जात नाही. फॉर्मवर ‘भेटीचा उद्देश’ असा रकाना होता. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, “लिही, बक्षीस.” त्यानं लिहिलं.

आम्ही मैदानावर पोहोचलो तेव्हा कार्यक्रम उठला होता. बक्षीस आमच्या डिपार्टमेंटच्या वतीनं मॅनेजरांनी घेतलं होतं आणि ते मीटिंगला निघून गेले होते. प्रमाणपत्र माझ्या टेबलावर आणून ठेवलेलं होतं. त्यावर टोकन नंबर आणि कॉन्ट्रॅक्टरच्या फर्मचं नाव होतं, पोराचं नाव नव्हतं. मी पेनानं त्याचं नाव वर लिहिलं. जेवणाच्या सुट्टीत लाइनवरच्या पोरांनी त्या प्रेसपुढंच त्याच्या हातात ते दिलं, टाळ्या वाजवल्या. प्रेसवर त्या दिवशी नवा ट्रेनी होता. ही पिन कुणी केली ते त्याला तेव्हाच कळलं, आणि त्यानं उठून याच्याशी हात मिळवला.

पोरगा फार बोलला नाही. वाकून पिन अंगठ्यानं दोनदा दाबून पाहिली आणि म्हणाला, “दादा, स्प्रिंग ढिली पडायलीय. बदलून घ्या, नाहीतर बुश परत कलंडंल.”

त्याच संध्याकाळी स्प्रिंग बदलली, खरंच ढिली झाली होती.

बक्षिसाचं व्हाउचर कर्मचाऱ्याच्या लॉगिनवरूनच वापरता येत होतं, आणि त्याचं लॉगिन बंद. एचआरच्या त्या ताईंनी पाठपुरावा करून महिन्याभरात त्याच्या खात्यात रक्कम टाकून घेतली. त्यांचं हे काम कुठल्या नोंदीत दिसणार नाही, म्हणून इथं लिहितोय.

ब्रेक संपल्यावर कॉन्ट्रॅक्टरनं त्याला परत बोलावलं होतं. तो आला नाही. चिकलठाण्याला एका लहान वर्कशॉपच्या टूल रूममध्ये लागला. “पगार कमी हाय दादा, पण शेठ ड्रॉइंग काढायला बसवायलाय,” म्हणाला. मी त्याला आधी ईएसआयचं कार्ड निघालं का ते विचारलं आणि तिथल्या प्रेसना गार्ड आहे का ते विचारलं. कार्ड निघालंय. गार्ड तो स्वतः बसवतोय.

तो गेला त्या दिवशी माझ्या मनात एक हिशेब पक्का झाला. मला कंपनी सोडायची नाही. या वयात मला दुसरीकडं हे मिळणार नाही, आणि मिळालं तरी आईच्या दुसऱ्या गुडघ्याचं काय? पण ज्या पोरांच्या जिवावर आमच्या बक्षिसांचे बोर्ड भरतात त्यांना वर्षभरही धरून न ठेवणारी व्यवस्था मला मान्य नाही. आम्ही परमनंट लोक कॅन्टीनमध्ये त्यांच्यापासून वेगळ्या टेबलावर बसतो आणि कराराच्या वेळी फक्त आपल्या वाढीचं बोलतो, तेही मला मान्य नाही. युनियनच्या मीटिंगमध्ये हे बोललो तेव्हा काहीजण म्हणाले, आपल्या मागण्यांत त्यांचं कशाला घालायचं, आपलं अडेल. अडलं तर अडू दे, असं मी तिथंच सांगितलं.

यंदाच्या मागणीपत्रात आमच्या लाइननं तीन कलमं घालायला लावली आहेत. कायझेन मंजूर झालेल्या टेम्पररी कामगाराला परमनंटच्या भरतीत प्राधान्य द्यावं. प्रमाणपत्रावर आणि बोर्डावर माणसाचं नाव लिहावं. आणि ब्रेकच्या काळात बक्षीस असेल तर त्याला आत घ्यायचा अधिकार प्लांटच्या एचआरकडं असावा. तिसऱ्याला व्यवस्थापन तयार आहे, दुसऱ्यावर बोलणं चालू आहे. पहिल्यावर पुढच्या बैठकीत त्यांचे हेड ऑफिसचे साहेब येणार आहेत, आणि आमच्या बाजूनं त्या मुद्द्यावर बोलायचं काम समितीनं मला दिलंय.