थिवीचा बाल्कांव

पंढरीच्या वारीला गोव्यातल्या म्हापशाहून निघालो तेव्हा पाऊस नव्हता. थिवी येईपर्यंत असा कोसळला की इरल्यापासून रेनकोटापर्यंत सगळं निकामी झालं. ओल्या मोज्यात टाच घासत होती. पखवाज पुढे, आम्ही बायका मागे, आणि मध्ये स्पीकरची गाडी. तिचा कर्कश आवाज मला कधीच सोसला नाही. हरिपाठ माणसाच्या गळ्यातून यावा, भोंग्यातून नको.

सांजांवचा, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या संत जॉनच्या सणाचा दिवस होता. डोक्यावर फुलापानांची कोपेलं घातलेली पोरं घुमट वाजवत समोरून आली. दिंडी थांबली, पोरंही थांबली. एकानं वीणेकऱ्याला वाकून नमस्कार केला आणि आपल्या वाटेनं गेला. त्याच वळणावर माझ्या टाचेचा फोड फुटला.

मी एका घराच्या पायऱ्यांवर टेकले. बाल्कांवावरून, म्हणजे घरापुढच्या ओसरीवरून, एक म्हातारी उतरून आली. अंगात फुलाफुलांचा फ्रॉक, गळ्यात खुरीस, म्हणजे क्रूस. "ये गो बाय, वयर बस. पांय दाखय म्हाका." मी संकोचले, तिला त्याची पर्वा नव्हती. घमेल्यात कढत पाणी आलं, त्यात मूठभर मीठ. तिनं माझा पाय स्वतःच्या हातानं धरून पाण्यात सोडला. मी मागे ओढायला गेले, कारण वारीत आपण दुसऱ्याच्या पाया पडतो, आपले पाय कुणाच्या हातात देत नाही. तिनं सोडला नाही. मग जुन्या पांढऱ्या चादरीची पट्टी फाडून, खोबरेल लावून टाच बांधली. हे सगळं फार सावकाश चाललं होतं, आणि दिंडी पुढे जात असल्याची माझी घालमेल तिला दिसत असूनही तिनं घाई केली नाही.

नंतर पेज आणली, सोबत तोर आंब्याचं लोणचं. गळ्यातल्या तुळशीमाळेकडे बघून म्हणाली, "नुस्त्याचें कुंडलें वेगळें आसा, भियेनाका." मासळीचं मडकं वेगळं होतं.

खाता खाता तिनं विचारलं, "तुका विठोबा कोणें दाखयलो?"

आजीनं, मी म्हटलं. तिला तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, तिच्या शामायनं, म्हणजे आजीनं, शिकवला होता. दर मिलाग्रीस सायबिणीच्या, म्हणजे चमत्कारांच्या मारियामातेच्या, फेस्ताला शामाय म्हापशाला न्यायची, तिथे तेल वाहायला आलेल्या हिंदू बायकांच्या रांगेकडे बोट दाखवायची आणि सांगायची, ही सायबीण शिरगावच्या लईराई देवीची भयण, बहीण. मलाही लहानपणी हेच सांगितलं होतं, फक्त उलट्या बाजूनं.

अस्नोड्याला दिंडी गाठली. आमच्यातल्या एका ज्येष्ठ काकांना मी हे उत्साहानं सांगितलं. ते म्हणाले, "ती सगळी आपलीच गो. बाटवली म्हणून तिथे."

मला राग आला. इतिहास मलाही ठाऊक आहे. १५६० मध्ये मंगेशाला कुशस्थळीहून रात्रीच्या अंधारात पोर्तुगीज राजवटीबाहेर प्रियोळला न्यावं लागलं, त्याच साली सुरू झालेलं इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाला शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, १८१२ पर्यंत गोव्याच्या उरावर राहिलं, आणि पुढे शांतादुर्गेनंही केळशी सोडून कवळें गाठलं. काही घरांत एका भावानं देवाबरोबर नदी ओलांडली, दुसरा शेतीभातीपायी मागे राहिला. ते दुःख खरंच आहे. पण या बाईच्या ओठांवरचा तेर्स सोळाव्या शतकातल्या भीतीचा नाही, तो तिच्या शामायच्या मांडीवरचा आहे. त्याला नुसती बाटवणूक म्हणणं म्हणजे तिच्या आजीला खोटं ठरवणं.

मग पुढचा प्रश्न मलाच छळू लागला. मीही जुव्यात किंवा राशोलात, म्हणजे ख्रिस्ती वस्तीच्या गावात, जन्मले असते, तर विठ्ठल माझा असता का? नसता. राशोलात १६१६ मध्ये थॉमस स्टीफन्स या जेझुइट पाद्रीनं ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत छापली. आपलीच ओवी, देव वेगळा. ती ऐकत वाढले असते तर तिच्यावरच माझे डोळे भरले असते.

पण नुसता जन्म म्हणावं तर माझा भाऊ आहे. तीच आजी, तोच हरिपाठ, तेच ओटीवरचं रोजचं सांजवात झाल्यावरचं बसणं. तो कशावरच विश्वास ठेवत नाही, आणि त्याच्या न मानण्यात जराही दिखावा नाही. उलट आमचे वडील मंगेशाच्या, म्हणजे शिवाला मानणाऱ्या घराण्यातले. त्यांनी चाळिशीत आपणहून माळ घातली. म्हणजे दार घरातली माणसं दाखवतात, आत जायचं की नाही ते ज्याचं त्याला कळतं. कशानं कळतं, हे मला कुठल्याही कीर्तनात नीट सांगितलेलं आठवत नाही. प्रेमानं, असं मी म्हणते. विठ्ठलाचं नाव घेतलं की माझ्या छातीत काहीतरी सैल होतं. त्या बाईचंही सायबिणीच्या नावानं होत असणार. तिचं खरं असल्यानं माझं तसूभरही कमी होत नाही, हे मी त्या ओल्या रस्त्यावर पक्कं केलं आणि आजही त्यावर ठाम आहे.

डिचोली, साखळीच्या विठ्ठलापूरचा मुक्काम, केरी, चोर्ला. घाटात धुकं आणि जळवा. पुढचे दिवस एकमेकांत मिसळून गेलेत.

कणकुंबीला चहा पिताना काकांनी पुन्हा तोच विषय काढला. मी पुन्हा तेच सांगितलं, या वेळी आवाज न चढवता. त्यांना पटलं नाही. पंढरपूरपर्यंत आमचं एकमत झालंच नाही. चंद्रभागेत उतरताना मात्र माझी टाच अजून ओली आहे म्हणून त्यांनी माझा हात धरला, आणि दुसऱ्या बाजूचा चिखल कुठे आहे ते सांगत राहिले.