शोधायच्या चौकोनात कुणीतरी 'तरोटा' लिहिलं

गेल्या जुलैत माझ्या रानभाज्यांच्या साइटवर, शोधायच्या चौकोनात कुणीतरी 'तरोटा' असं लिहिलं. उत्तर आलं, काही सापडलं नाही. दोन दिवसांनी पुन्हा कुणीतरी तेच लिहिलं आणि पुन्हा रिकाम्या हाताने गेलं. साइटवर येणारे काय करतात ते नोंदवणाऱ्या गूगल ॲनालिटिक्समध्ये या नोंदी पाहिल्या तेव्हा मला फार वाईट वाटलं, कारण ती भाजी माझ्याकडे होती. फोटोंसकट, आईच्या कृतीसकट. मी कल्याणची, आमच्याकडे तिला टाकळा म्हणतात. विदर्भात तोच तरोटा.

साइटला आता चार वर्षं झाली. पहिली तीन वर्षं आकड्यांतलं मी एकच बघायचे, आज किती जण आले. ऑक्टोबर आला की आलेख असा कोसळायचा की मी रात्र रात्र बसून रंग बदलायचे, मेनू हलवायचे. खरं तर काहीच बिघडलेलं नसायचं, पाऊस संपलेला असायचा. शेवळं पहिल्या पावसाबरोबर बाजारात येतात आणि थोड्याच आठवड्यांत दिसेनाशी होतात. त्यांचं पान ऑक्टोबरात कोण उघडणार? आता मी जूनची तुलना मे महिन्याशी करत नाही, मागच्या जूनशी करते. गूगलच्या शोधात आपली साइट कशी दिसते ते सांगणाऱ्या सर्च कन्सोलमध्ये 16 महिन्यांचीच माहिती राहते, म्हणून दर महिनाअखेर ती उतरवून माझ्या तक्त्यात ठेवते.

सर्च कन्सोल मी नीट वाचायला लागले ते शेवळांमुळेच. लोकांनी काय लिहिलं तेव्हा आपलं पान दिसलं, किती वेळा दिसलं, किती जणांनी ते उघडलं, सरासरी कितव्या क्रमांकावर होतं, हे सगळं तिथे कळतं. माझं शेवळांचं पान दिसायचं पुष्कळदा, उघडायचं मात्र फार कमी जण. मग लोकांचे शब्दच वाचत बसले. 'शेवळं खाज'. 'शेवळाची भाजी घसा खवखवतो'. तेच रोमन लिपीत, चार तऱ्हांच्या स्पेलिंगांत. ही माणसं कृती शोधत नव्हती. भाजी घरात येऊन चुकली होती, एखादा घास पोटातही गेला असेल. आणि माझ्या पानाचं शीर्षक काय, तर 'आजीची शेवळं'! घसा धरून बसलेल्या माणसाने ते का उघडावं?

उघडलंच, तरी आत काय होतं? आधी आजीच्या चुलीच्या आठवणी, मग बाजारातले फोटो, आणि खाजेची गोष्ट अगदी तळाला. ॲनालिटिक्स पान 90 टक्के खाली सरकवलं गेलं की एक नोंद करतं. त्या पानावर अशा नोंदी मोजक्याच होत्या. म्हणजे सगळ्यांत गरजेचं वाक्य बहुतेकांच्या नजरेलाच पडत नव्हतं.

शीर्षक बदललं: 'शेवळाची भाजी खाजू नये म्हणून काय करावं'. पहिल्याच परिच्छेदात उत्तर दिलं. चिरण्याआधी हाताला तेल लावा, आतला पिवळा भाग काढून टाका, काकडांचा, म्हणजे रानातल्या आंबट फळांचा, रस घाला, काकडं मिळाली नाहीत तर चिंचेचा कोळ. खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे येते, हेही तिथेच सांगितलं. आजी खाली गेली, पण गेली नाही. तिला काढायचा सल्ला मला दिला गेला होता, तो मी मानला नाही. त्यानंतरच्या जूनमध्ये पान उघडणारे वाढले, पण ते पानावर थांबायचे कमी वेळ. आधी मी घाबरले. मग वाटलं, उत्तर मिळालं आणि माणूस स्वयंपाकघरात परत गेला, याहून चांगलं काय? थांबण्याचा वेळ हा आकडा मी एकट्याने कधीच खरा धरत नाही.

येणारे बहुतेक मोबाईलवरून येतात, काही तर बाजारात जुडी हातात धरून. माझा पहिला फोटो कॅमेऱ्यातून जसाच्या तसा चढवलेला, साडेचार एमबीचा. पानावरची सगळ्यांत मोठी गोष्ट अडीच सेकंदांत दिसावी, अशी गूगलची अपेक्षा आहे. माझा फोटो उतरायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागायचा, आणि उतरला की वाचता वाचता मजकूर खाली उडी मारायचा. फोटो लहान केले, त्यांची लांबी-रुंदी पानाच्या कोडमध्ये आधीच लिहून ठेवली, उडी थांबली.

पानांच्या वेब पत्त्यांचंही तसंच. देवनागरीतला पत्ता कॉपी केला की 'टाकळा' या पाच चिन्हांची टक्क्यांच्या खुणा, आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिळून 45 अक्षरं होतात. व्हॉट्सॲपवर अशी लिंक आली की ओळखीची माणसंही बोट लावायला बिचकतात. आता पत्ते छोटे, रोमन लिपीत आहेत, आणि जुन्या पत्त्यावर आलेल्याला कायमच्या रिडायरेक्टने नव्यावर नेऊन सोडते.

पण तरोट्याने जे शिकवलं ते सर्च कन्सोलने कधीच शिकवलं नसतं. आपलं पान दिसलं असेल तेवढेच शब्द ते दाखवतं. जो शब्द मी कुठे लिहिलाच नव्हता, त्यासाठी मी दिसणार कशी? तो फक्त माझ्या दारात येऊन विचारणाऱ्याकडूनच कळतो. म्हणून आधी कोपऱ्यात दडलेला शोधायचा चौकोन पानाच्या माथ्यावर आणला, आणि दर रविवारी रिकामे परतलेले शब्द वहीत उतरवते. कंटोळीच्या पानावर आता करटुली आणि काटवल आहेत, फोडशीच्या पानावर कुलू. ही नावं शीर्षकाखालीच, मोठ्या अक्षरांत, कारण आपलं नाव दिसलं की माणसाला योग्य ठिकाणी आल्याची खात्री पटते.

परवाच्या रविवारी वहीत 'कवळा' लिहिला. दुसऱ्या नावाने कुठे आहे का म्हणून सगळी पानं पाहिली, नाही. ती भाजी खरोखरच माझ्याकडे नाही. जुलैत बाजारात आली की दोन जुड्या आणायच्या, एक फोटोसाठी, एक आईकडे.