प्लास्टिकच्या पेटीला दांडा: तयार जोड शोधण्यात गेलेला एक दिवस

चाकं लावलेली पेटी तयार होती, दांडा तेवढा राहिला होता. पेटी प्लास्टिकची, त्यामुळे वेल्डिंगचा प्रश्नच नव्हता. दुकानात तयार मिळणाऱ्या जोडांवरच काम भागवायचं ठरवून सकाळी बाहेर पडलो. खिशात व्हर्नियर कॅलिपर (व्यास अचूक मोजायचं साधन), हातात दांड्याच्या स्टीलच्या नळीचा वीतभर तुकडा. तुम्ही जाल तेव्हा असा तुकडा नक्की न्या. दिवसभरात चित्र कुणीच नीट पाहिलं नाही, तुकडा मात्र प्रत्येकाने हातात घेऊन बघितला.

पहिलं दुकान नळाच्या सामानाचं. मी ‘एक इंची क्लॅम्प द्या’ म्हणालो. आलेल्या क्लॅम्पमध्ये माझी नळी खुळखुळत होती. दुकानदाराने विचारलं, “पाणी न्यायचंय की वजन ओढायचंय?” खरा मुद्दा तिथेच कळला. पाण्याच्या पाइपाचं नाव आतल्या पोकळीवरून पडलेलं असतं. एक इंची लोखंडी पाइप बाहेरून ३३.७ मिलिमीटर भरतो, अर्धा इंची २१.३. फर्निचरची, रेलिंगची, सायकलची नळी मात्र बाहेरच्या व्यासाने ओळखतात. तिथे एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. म्हणून कुठेही इंच बोलू नका, ‘बाहेरून इतके मिलिमीटर’ असंच सांगा. २५ आणि २५.४ हेसुद्धा वेगळे धरा. अर्ध्या मिलिमीटरची ढिलाई दांड्याच्या टोकाला चांगलीच जाणवते.

फर्निचर फिटिंगच्या दुकानात कपाटाच्या दांडीचे गोल सॉकेट होते. माप चपखल बसलं आणि दिसायलाही सुबक होते, तरी घेतले नाहीत. ते दोन टोकांमध्ये अडकलेल्या दांडीवरचं, सरळ खाली येणारं वजन पेलायला केलेले असतात. एकाच टोकाला धरून दांडा मागेपुढे हलवला की सगळा ताण दोन छोट्या स्क्रूंवर येतो.

रेलिंगच्या दुकानात जास्त वेळ गेला, आणि तो सार्थकी लागला. मोठी मापं भरपूर होती, ३८ आणि ५० मिलिमीटरची, २५.४ साठी मागचे खोके उघडावे लागले. तिथे ९० अंशाचे दोन एल्बो, म्हणजे नळीला काटकोनात वळवणारे जोड, मिळाले. दोन उभ्या नळ्या आणि वर आडवी मूठ, असा उलट्या ‘यू’च्या आकाराचा दांडा त्यांवर जुळतो. हे एल्बो ग्रब स्क्रूने, म्हणजे नळीवर दाबणाऱ्या बिनडोक्याच्या छोट्या स्क्रूने, आवळतात. नळीची जाडी जेमतेम १ मिलिमीटर असेल तर हा स्क्रू तिला पोचा पाडतो आणि पकड सुटते, म्हणून दीड मिलिमीटर जाडीची नळी घ्या.

दांडा लांब-आखूड करायचा असेल तर सायकलच्या दुकानात जा. सीट आवळायचा खटक्याचा क्लॅम्प २८.६ मिलिमीटरच्या नळीसाठी मिळतो. त्या नळीची जाडी दीड मिलिमीटर असेल तर आत २५.६ ची जागा उरते आणि २५.४ ची नळी त्यात अलगद सरकते. बाहेरच्या नळीला वरच्या टोकाला करवतीने उभी खाच पाडली की क्लॅम्प तिला घट्ट दाबतो. माझ्या पेटीला याची गरज नव्हती, पण ही जुळणी मला फार आवडली.

आता पेटीशी जोड. इथेच बहुतेकांचं काम बिघडतं, कारण सगळं लक्ष जोडाच्या मजबुतीवर असतं आणि दोन जोडांमधल्या अंतराकडे कुणी बघत नाही. समजा मूठ वरच्या क्लॅम्पपासून ६० सेंटिमीटर उंच आहे आणि तुम्ही १० किलोच्या जोराने ओढता. दोन क्लॅम्पमध्ये १० सेंटिमीटर अंतर असेल तर वरच्यावर ७० किलोचा आणि खालच्यावर ६० किलोचा भार येतो. अंतर ३० सेंटिमीटर केलं की तेच आकडे ३० आणि २० किलो होतात. दांड्याच्या दोन्ही पायांत, म्हणजे दोन उभ्या नळ्यांत, हा भार वाटला जातो, पण प्रमाण तेच. म्हणून साधे धातूचे सॅडल क्लॅम्प (नळीवरून कमानीसारखी जाणारी आणि दोन्ही बाजूंना बोल्टने आवळायची पट्टी) घेतले, चार नग: प्रत्येक पायाला एक पेटीच्या काठाजवळ, एक अगदी तळाशी. प्लास्टिकचे सॅडल वायरिंगच्या पाइपासाठी असतात, ते इथे लावू नका.

पेटीच्या आतून नुसते वॉशर पुरत नाहीत. पातळ प्लास्टिक त्यांच्याभोवती फाटतं. मी वरच्या दोन क्लॅम्पमागे एक आणि खालच्या दोन क्लॅम्पमागे एक अशा ३ मिलिमीटर जाडीच्या आडव्या पट्ट्या टाकल्या. बोल्ट ६ मिलिमीटरचे, नट नायलॉनच्या कडीचे, म्हणजे हादऱ्याने सैल होत नाहीत. चिकटवण्याच्या भरवशावर राहू नका. अशा पेट्या बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्या किंवा पॉलिथिलीनच्या असतात आणि नेहमीचे गोंद त्यांना धरतच नाहीत.

शेवटी नळी क्लॅम्पमधून वर सरकते का ते बघा. गुळगुळीत स्टील सरकतंच. पेटी मुठीने उचलून पाहिली तेव्हा माझीही सरकली. खालच्या क्लॅम्पच्या लगेच खाली नळीतून आरपार ५ मिलिमीटरचा बोल्ट घातला, तेव्हा ती थांबली. हे छिद्र नळी बसवण्याआधी पाडलं तर फार सोपं जातं.

खरेदी करताना आधी जोड हातात घ्या, मग त्याला बसेल ती नळी कापून घ्या. मी उलटं केलं आणि चार दुकानं फिरलो. नाहीतर दोनमध्ये काम झालं असतं.