फॉर्ममधला शेवटचा रकाना

ऑडिशनच्या फॉर्ममध्ये अगदी तळाशी एक रकाना असतो. नाव, उंची, आवाजाचा पल्ला, नाचाचं शिक्षण, आधीची कामं हे सगळं भरून झालं की खाली बारीक अक्षरात विचारलेलं असतं : आपल्यासाठी काही वेगळी व्यवस्था करायला हवी का? पाच वर्षं मी तो रकाना कोरा ठेवत आले.

मला रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. डोळ्याच्या पडद्यावरच्या पेशी हळूहळू निकामी होतात. आधी अंधारात दिसेनासं होतं, मग बाजूचं दिसणं कडेकडेने मिटत जातं. साधारण चार हजारांत एकाला होणारा हा आजार. मला आज एखाद्या नळीतून पाहावं तसं दिसतं. चांगला उजेड असेल तर नळीत जे सापडेल ते स्वच्छ. त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला काही कळत नाही आणि मीही कळू देत नव्हते. पांढऱ्या काठीची घडी करून ती दाराबाहेरच पिशवीत टाकायची आणि आत शिरायचं.

हे लपवणं एकदा फार महागात पडलं. नव्या संगीतिकेची निवड होती. गाणं मनासारखं झालं. मग हातात दोन पानं आली, "दहा मिनिटांत बघून या." बाहेरचा पॅसेज अंधारा, कागद चकचकीत, अक्षर मुंगीएवढं. नळीतून वाचताना एक ओळ संपली की पुढच्या ओळीची सुरुवात शोधावी लागते. ती शोधताना मी दोनदा भलत्याच ओळीवर उतरले. समोरची मंडळी सभ्य होती. "गाता सुरेख, पण वाचनाचा सराव वाढवा," एवढंच म्हणाली. मी मान डोलावली आणि निघाले. लहानपणापासून नाटकं वाचत आलेल्या माणसाला हे वाक्य किती लागतं ते सांगता येत नाही. पण त्यांना मी काही सांगितलंच नव्हतं, तर त्यांनी दुसरं काय समजायचं?

तरीही एक गोष्ट मला तेव्हा वाटली आणि आजही ठाम वाटते. दहा मिनिटांत हातात दिलेलं पान वाचून दाखवणं ही डोळ्यांची परीक्षा आहे, अभिनयाची नाही. प्रयोगाला कोणी कागद हातात घेऊन उभं राहत नाही.

सात-आठ महिन्यांनी दुसऱ्या एका संगीतिकेची जाहिरात आली. 'सर्व वंशांच्या, सर्व शरीरयष्टींच्या, पारलिंगी आणि दिव्यांग कलाकारांनी अवश्य अर्ज करावा.' हे वाक्य आता बऱ्याच जाहिरातींत असतं, त्यामुळे नुसत्या वाक्यावर मी विसंबत नाही. त्याच्या खाली काय लिहिलंय ते बघते. इथे लिहिलं होतं की संवादाची पानं तीन दिवस आधी मिळतील, खोलीपर्यंत पायऱ्या नाहीत आणि व्यवस्थेबद्दल बोलायला अमुक एक व्यक्ती आहे. म्हणजे कोणीतरी बसून विचार केला होता. त्या रात्री मी शेवटचा रकाना पहिल्यांदा भरला.

भरायला दीड तास लागला. 'दृष्टी कमी आहे, कृपया सहकार्य करावं' असं लिहिणं सोपं होतं, पण त्यातून समोरच्याला काय कळणार? कमी दृष्टी म्हटलं की लोक प्रेमाने अवाढव्य अक्षरात पानं छापून आणतात. माझ्या नळीत असं एक अक्षर मावतं आणि शब्द तुटतो. म्हणून लिहिलं : पानं फाइलच्या रूपात द्यावीत, छापील द्यायची तर १६ पॉइंटचं ठळक अक्षर, फिकट पिवळा, न चकाकणारा कागद, त्याहून मोठं अक्षर नको. नाचाच्या फेरीत मला मागच्या ओळीत उभं राहू द्यावं. हालचाली शिकवणाऱ्याने त्या तोंडाने सांगाव्यात. मी आत शिरेन तेव्हा पियानो कुठे, टेबल कुठे, हे एका वाक्यात सांगावं.

पाठवण्याआधी छातीत धडधडत होतं. खरं सांगायचं तर त्या रात्री मी अ‍ॅली स्ट्रोकरचं पारितोषिक स्वीकारतानाचं भाषण पुन्हा पाहिलं. २०१९ मध्ये 'ओक्लाहोमा!' या अमेरिकन संगीतिकेतल्या अ‍ॅडो अ‍ॅनीच्या भूमिकेसाठी तिला टोनी, म्हणजे अमेरिकन रंगभूमीवरचं मानाचं पारितोषिक, मिळालं. व्हीलचेअर वापरणाऱ्या कलाकाराला मिळालेलं ते पहिलं टोनी. मला त्यातली मोठी गोष्ट ही वाटते की ती भूमिका १९४३ ची आहे आणि लिहिणाऱ्यांनी तिच्यात व्हीलचेअर लिहिलेली नव्हती. प्रेक्षकांनी ती आनंदाने स्वीकारली. आपल्याकडच्या प्रेक्षकांनी तर बालगंधर्वांना शालू-शेल्यात डोक्यावर घेतलं. प्रेक्षक मानतात हो. अडतं ते निवडीच्या टेबलापाशी.

पहिली फेरी गाण्याची. स्वतःच्या पसंतीचं गाणं, ३२ मात्रांच्या नव्हे, ३२ बारच्या तुकड्यात. हा फरक नव्यांनी नीट समजून घ्यावा. एका बारमध्ये बहुधा तीन किंवा चार ठोके असतात, त्यामुळे ३२ बार म्हणजे मिनिट-दीड मिनिट. काही ठिकाणी १६ च देतात. एवढ्या वेळात आवाज, शब्द आणि माणूस, तिन्ही दिसायला हवं. मी असा तुकडा घेतला ज्यात गाणारी व्यक्ती मध्येच आपलं मत बदलते. नुसती उंच तान असलेला तुकडा ऐकून टेबलावरचे लोक कंटाळलेले असतात.

आत शिरले तशी एक मुलगी म्हणाली, "पियानो तुमच्या डावीकडे, आठ पावलांवर. टेबल समोर, खिडकी त्यांच्या मागे." मला तिथेच अर्धी फेरी जिंकल्यासारखं वाटलं. खिडकी त्यांच्या मागे म्हणजे त्यांचे चेहरे मला दिसणार नव्हते. दिसणार नाहीत हे आधी कळलं की मन त्यांना शोधत बसत नाही. मी पियानोवादकाकडे गेले, वहीतली सुरुवातीची आणि शेवटची खूण बोटाने दाखवली, पहिली ओळ हळू आवाजात गुणगुणत मांडीवर ठेका धरला. लय अशीच सांगावी. पियानोवादकाच्या तोंडासमोर चुटक्या वाजवणारे लोक मी पाहिलेत. त्या खोलीत तुमच्या बाजूने असणारा तो एकटा माणूस असतो, त्याला दुखवू नये.

पाच दिवसांनी दुसऱ्या फेरीचं बोलावणं आलं आणि सोबत संवादाची पानं. मी वकिलाच्या भूमिकेसाठी अर्ज केला होता. पानं आली ती अंध आजीची.

फार वेळ मी नुसती बसून होते. मग फोन केला. म्हटलं, आजीची भूमिका अंध किंवा माझ्यासारख्या व्यक्तीलाच मिळावी असं मला मनापासून वाटतं आणि मी ती वाचेनही. पण मी वकिलासाठी आले आहे, ती पानंही पाठवा. पलीकडे क्षणभर शांतता. मग, "तुमचं बरोबर आहे, पाठवते." तासाभरात आली, १६ पॉइंटमध्ये.

दुसऱ्या फेरीत मी दोन्ही वाचलं. आजीच्या प्रवेशात ती नातवाचा चेहरा चाचपून त्याला ओळखते असं लिहिलं होतं. वाचून झाल्यावर लेखकाने विचारलं, "हे खरं वाटतं का?" मी सांगितलं, मी आजवर कोणाचाही चेहरा चाचपलेला नाही आणि माझ्या ओळखीतल्या कोणीही नाही. जिन्यावरच्या चपलेच्या आवाजावरून माणूस कळतो. तो घसा कसा खाकरतो, दार कसं लोटतो, त्यावरून कळतो. आजी नातवाला तो दारात असतानाच ओळखेल. लेखक भराभर लिहून घेत होता. मग पुढची तीन पानं काढून तो विचारायला लागला तेव्हा मी थांबले आणि म्हणाले की हे मला आवडेल, पण ते सल्ल्याचं काम आहे, निवडीचं नाही, त्याबद्दल वेगळं बोलू. हे वाक्य मी घरी दहा वेळा म्हणून पाहिलं होतं. दिव्यांग कलाकाराकडून ऑडिशनच्या निमित्ताने संहिता तपासून घेतली जाते आणि भूमिका दुसऱ्यालाच जाते, असं घडतं. इथे दिग्दर्शिका लगेच म्हणाली, "नक्की, वेगळं बोलू." आणि नंतर खरंच बोलली.

दुपारी नाचाची फेरी. मला बघताच एका सहायकाने आपुलकीने पहिल्या ओळीत आणून उभं केलं. समोर नृत्यदिग्दर्शक दोन हातांवर, आणि माझ्या नळीत त्याचा फक्त एक खांदा. मागे गेले तेव्हा अख्खा माणूस दिसायला लागला. त्याने काळे कपडे घातले होते आणि मागे काळाच पडदा. विनंती केल्यावर त्याने कोणाचा तरी पांढरा शर्ट वर चढवला. त्याची शिकवायची सवय 'असं, मग असं, आणि असं' अशी. दोनदा त्याला थांबवावं लागलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "उजवा मागे, डावा जोडीला, पाचला वळा, सातला हात वर," आणि माझ्या शेजारचा मुलगा पुटपुटला, "आत्ता मलाही कळलं." आठ-आठ ठोक्यांच्या पहिल्या दोन तुकड्यांत मी नीट होते, तिसऱ्यात वळण चुकलं, चौथ्यात परत पकडलं. चुकल्यावर थांबले नाही. तेवढंच माझ्या हातात होतं.

नव्या संगीतिकेत एक सुख असतं, ते जुन्या नाटकात नाही. तिचं गाणं अजून कोणी गाजवलेलं नसतं. तुलना करायला मूळ गायिकाच नाही. शिवाय संगीतकार तिथेच बसलेला असतो. वकिलाचं गाणं काळी पाचच्या पट्टीत बांधलेलं होतं आणि अंतऱ्याच्या टोकाला माझा आवाज पातळ होत होता. त्याने पियानोवाल्याला थांबवलं. "थोडं खाली, काळी चारमधून घेऊ." पुन्हा गायले. त्या वरच्या सुरावर आता जागा होती, शब्द टाकायला वेळ होता. "हीच पट्टी ठेवू या," तो हलक्या आवाजात दुसऱ्या कोणाला तरी म्हणाला. मी ते ऐकलं.

नऊ दिवसांनी होकार आला, वकिलासाठी. पण तो होकार वाचनापुरता, म्हणजे संहिता समोर ठेवून वाचून-गाऊन दाखवण्यापुरता. नव्या संगीतिका अशाच घडतात : आधी वाचन, मग कार्यशाळा, मग झाला तर प्रयोग, मध्ये वर्षं जातात आणि वाचनातला कलाकार प्रयोगात असेलच असं नाही. अमेरिकेत कलाकारांच्या संघटनेने अशा वाचनाच्या एका प्रकाराला तालमींसकट २९ तासांची मर्यादा घातली आहे, '२९-अवर रीडिंग' हे नावच त्यावरून पडलंय. आमच्याकडे पाच दिवस होते. रोज रात्री गाणी बदलायची. चौथ्या सकाळी माझ्या स्टँडवर नवं गाणं होतं, फिकट पिवळ्या कागदावर, आणि मी कोणाला आठवण केलेली नव्हती.

प्रयोगाचं बोलावणं आलं त्याला आठ महिने लागले. पहिल्याच बैठकीत मी ब्लॅकआउट कुठे कुठे आहेत ते विचारलं. पहिल्या अंकात दोन. दिवे गेले की बाकीच्यांचे डोळे थोडेफार सरावतात, अंधारात चमकणाऱ्या पट्ट्या त्यांना पुरतात. माझे डोळे सरावत नाहीत. पूर्ण अंधाराऐवजी निळा अंधूक उजेड ठेवू का, असं प्रकाशयोजनाकाराने विचारलं. तोही मला पुरला नसता आणि प्रसंगाचं पाणी झालं असतं. शेवटी रंगमंच व्यवस्थापिकेने खुर्चीपासून विंगेपर्यंत, फरशीवरच्या आच्छादनाखाली, एक बारीक दोरी अंथरून पक्की चिकटवली. नाचणाऱ्यांनी तिच्यावरून चारदा नाचून पाहिलं, कोणाचा पाय अडकला नाही. मी पातळ तळव्याचे बूट मागून घेतले.

रंगीत तालमीत दिवे गेले. उजव्या तळव्याखाली दोरी लागली. सात पावलं मोजली, हात पुढे केला, आणि विंगेचा पडदा बरोबर बोटांशी आला.